पहिली बाजू, एकवीस मिनिटं

विर्वे म्हणाली होती, पाचच सूर घेईन,
आणि त्यातलेही दोन वापरणार नाही.
म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात
पेइप्सी तळ्याच्या बर्फावर आम्ही पालथे पडलो होतो,
भोकातून मायक्रोफोन खाली सोडून,
विहिरीत पोहरा सोडावा तसा.

दोन तास काही नाही.
माझ्या दातांची कडकड तेवढी टेपवर आली.
मग दूर कुठेतरी, सात-आठ कोसांवर,
तळ्यानं खर्ज लावला.
छातीच्या हाडाला घासत तो आमच्या खालून गेला
आणि निघून गेला रशियाच्या काठाकडे,
व्हिसा न काढता.

विर्वेनं घड्याळ पाहिलं, वहीत एक टिंब काढलं.
तिच्या वहीत टिंबंच असतात.
मधली जागा ती पट्टीनं मोजते.

उन्हाळ्यात तबकडी आली. तीनशे प्रती.
पांढरं पाकीट, पांढऱ्यातच उठवलेलं नाव,
बोटांनी वाचावं लागतं.
तालिनच्या एका समीक्षकानं लिहिलं, शांतता फार झाली.
मोजून घातलीय, विर्वे म्हणाली, फार कशी होईल?

एक प्रत झिनोवीकडे नेली.
पहार कशी धरायची ते त्यानंच शिकवलं होतं.
घरभर कांद्याच्या माळा, कोपऱ्यात काळवंडलेले संत.
तबकडी वाजवायचं यंत्र आम्हीच उचलून नेलेलं.
त्यानं टोपी काढली
आणि सुईकडे बघत बसला, गळाकडे बघावं तसा.

सातव्या मिनिटाला म्हणाला, वारा फिरला.
अकराव्या मिनिटाला: इथं तुम्ही थांबायला नको होतं.
(विर्वेच्या वहीत त्या जागी कोरा कागद आहे.)
पंधराव्या मिनिटाला
टक. टक. टक.
लांबून, लोखंड बर्फावर.
हा आवाज गाळायला आम्ही आठवडा घालवला होता.

"हा मी," झिनोवी म्हणाला.
"तिसरा घाव हलका पडतो माझा. खांदा."

विर्वेनं सुई उचलून मागे ठेवली,
तिनं असं कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.
तीन घाव. तिसरा हलका.
मग वही काढली, चार महिने उशिरानं
तीन टिंबं दिली, शेवटचं बारीक.

"दुसऱ्या बाजूला काय आहे?"
"एप्रिल," विर्वे म्हणाली. "बर्फ फुटतो तो."
झिनोवीनं टोपी घातली.
"मग राहू दे," म्हणाला,
आणि कांद्याची एक माळ उतरवून
आमच्या यंत्रावर ठेवली.