आधी कोण

चिकलठाण्याच्या हॉलात समोरासमोर दोन स्टॉल.
डावीकडं टायटॉरा: काळे कोट, गालाला चिकटलेले माइक,
भिंतभर पडदा, त्यात पावसात पळणारी गाडी.
काचेवरचा थेंब कुठून कसा घरंगळेल
तेही म्हणे मशीन आधी मोजून ठेवतं.
ताकद, ताकद. सकाळपासून एकच शब्द.

उजवीकडं किंबो: लाल सतरंजी, सहा जुनेच खेळ
आणि लेकरांच्या हातात थेट रिमोट.
बोलणं कमी.
किमतीच्या पाटीवर फक्त
परवाचा पेपर चिकटवलेला.

मी परभणीचा. स्टँडमागं पत्र्याखाली चार टीव्ही,
तासाला वीस रुपये, लाइट गेली तर वेळ थांबते.
दोघांनीही चहा पाजला.
एक म्हणाला, महाग आहे, पण दहा वर्षं बघायला नको.
दुसरा म्हणाला, मशीन आम्ही तोट्यातच देतो, मामा,
कमावतो ते खेळांवर.
मला आमचा मुनीरभाई आठवला:
स्टोव्ह उधार, पिना रोख.

बारा-चाळीसला टायटॉराच्या माइकनं आकडा सांगितला:
एकोणचाळीस हजार.
टाळ्या विरायच्या आत समोर शिडी लागली,
पेपर टरकन फाटला.
पेपराखाली पाटी कोरीच होती.
शिडीवरचं पोरगं ब्रश बुडवून
सावकाश लिहू लागलं, तीन, पुन्हा तीन…

पाठमोरं होतं, पण मान ओळखीची.
वैजनाथ!
माझ्या तिसऱ्या टीव्हीवर दोन वर्षं कुणाला हरला नाही.
चपळ असा नव्हता.
समोरच्याचा अंगठा बघत बसायचा,
त्यानं दाबलं की मग हा दाबायचा.
पोरं चिडायची, खेळ की लेका, कामून थांबलास?

मी जाऊन शिडी धरली.
उतरला, हसला. रोजचे पाचशे देतात म्हणाला, काका,
जेवण वेगळं.
घेतलंस का एखादं, मी विचारलं.
तो पाटीकडं बघत राहिला.
शेवटच्या शून्याचा रंग ओघळत होता,
तेवढा त्यानं अंगठ्यानं निपटला.

समोर काळे कोट घोळक्यानं उभे,
एकजण पाठ करून फोनवर हळू बोलत होता.
मी शिडी मिटायला लागलो तर म्हणाला,
राहू द्या, काका.
आता ते खाली येतेत.
अजून एकदा लागंल.