आम्ही मोठ्यानं का बोलतो

दोन वाजता निघू, असं मी काल म्हटलं,
आणि सकाळी तुमच्या हॉटेलच्या दारात उभा राहिलो
तर तुम्ही अजून आंघोळीला.
तुमचे आठ म्हणजे आमचे दोन.
आमचे तास दिवस उजाडल्यावर सुरू होतात, साहेब,
मध्यरात्री कोण जागं राहणार मोजायला?
असो. गशाव, काढ गाडी.

डावीकडं तेफची शेतं. उजवीकडं तेफचीच.
ही गाढवं बाजाराला निघालीत,
हॉर्नचं त्यांना काही वाटत नाही
आणि त्यांचं गशावला.
पूल जपून उतरा, जुना आहे,
दगड अंड्याच्या बलकात बसवलेत म्हणतात.
म्हणतात. मी चाटून पाहिलेला नाही.
त्या पोरांना आत्ता पैसे देऊ नका, परतताना द्या,
नाहीतर कड्यापर्यंत शिट्ट्याच ऐकाल.

हं. आलो.
हा तिस अबाय. म्हणजे अबायचा धूर.

हो, हाच.
नाही, पुढं दुसरा नाही.

हा फोटो बघा, हातात घ्या,
प्लास्टिकमध्ये बंद केलाय, तेव्हा इथं उभं राहिलं
तरी माणूस चिंब व्हायचा.
त्या टोकापासून या अंजिराच्या झाडापर्यंत
कडा दिसायचा नाही, नुसतं पाणी.
खाली कोपऱ्यात लव्हाळ्याच्या होडीत
पाठमोरा आहे ना, तो माझा बाप.
गोऱ्या लोकांना पलीकडं न्यायचा,
पैसे खुणेनंच ठरायचे.

पाणी वर वळवलंय, वीजघराकडं.
भर पावसाळ्यात या, तेव्हा ते कुणाचं ऐकत नाही.
बाकी वर्षभर एवढंच,
कुणीतरी धोतर पिळून वाळत घातल्यासारखं.
मागं एका बाईनं विचारलं, नळ कुणी उघडा ठेवलाय?
सगळे हसले. मीही हसलो,
दिवसाच्या मजुरीत तेही धरलेलं असतं.

तुम्ही मघापासून कुजबुजताय,
हा एवढा ओरडतो कशाला.
रागावलेलो नाही मी.
आमचं अख्खं गाव असंच बोलतं.
हाकेच्या अंतरावर हाक पोचायची नाही इथं.
अंगाई ओरडून ऐकलेली पोरं आम्ही.
सोयरीक ओरडून, उधारी ओरडून,
चहाडी करायची तर तीही ओरडून;
पाप कबूल करायला लोक
दोन डोंगर ओलांडून दुसऱ्या पाद्र्याकडं जायचे.

बहीण माझी, येशारेग, गोंदरला दिली.
महिन्याभरात सासूचा निरोप,
पोर कामाची आहे, पण कजाग.
मग भर पावसाळ्यात सासू इथं पाहुणी आली,
एक रात्र राहिली.
सकाळी अंगणात उभी राहून
उभ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली,
पोरी, चुकलं माझं!

आता पाणी गेलं,
गळ्यातलं जाईना.
शिट्ट्या विकणारी ती पोरं बघा,
जेमतेम आठ-नऊ वर्षांची.
पाणी असं बोलताना त्यांनी कधी ऐकलं नाही,
आम्हालाच ऐकलंय.
तरी कशी बोलतात, मध्ये काहीतरी
कोसळत असल्यासारखी.

मी बाहिर दारला बँकेत गेलो की
शिपाई वर न बघताच म्हणतो,
तिसचा का?

चला, एमेबेतच्या खोपटात कॉफी आहे.
वर बल्ब आहे, लागला तर लागला.
तीन कप होतात, तिसऱ्याआधी उठायचं नाही,
गशाव थांबेल, त्याला झोप हवीच आहे.
ती साखरेचं विचारेल, दचकू नका.

आणि उत्तर देताना
जरा जोरात द्या.