वीत

एलिशा नवगावकर, वय एक्क्याऐंशी,
अश्दोदहून आले तेव्हा पायात कॅनव्हासचे बूट
आणि तोंडात बासष्ट सालचं मराठी:
पँटला पाटलोण, स्टेशनला टेसन,
रिक्षावाल्याला म्हणाले, टांगा हळू घे.

मी सोबत, कारण माझ्याकडे टेप होती
पाच मीटरची, आणि वहीत अर्धवट काढलेली कमान.
मला कॉलेजात आराखडे द्यायचे होते जुन्या ठाण्याचे.
त्यांना काय बघायचं होतं ते सांगेनात.
तू मोज, म्हणाले, मी चालतो.

आधी किल्ला. किल्ल्यात तुरुंग.
बुरुजाच्या दगडाला टेप लावली तशी
शिपाई म्हणाला, ताई, बाहेरून मोजायला मनाई आहे.
आणि आतून?
आतून मोजायचं तर काहीतरी करून यावं लागतं.
काका इतके हसले की
शिपायानेच खुर्ची आणून दिली.
वहीत लिहिलं: बुरुज, अंदाजे.

चर्चमध्ये टेप काढलीच नाही.
खिडकीत एक मांजर आडवं झोपलं होतं,
भिंतीची जाडी तेवढी:
एक मांजर, शेपटीसकट.

कौपिनेश्वराच्या दाराशी काका थांबले.
इथे मी चपला राखायचो.
दत्तू कोळी आत जायचा, ती एवढी मोठी पिंड बघून यायचा
आणि येताना माझ्या वाटणीचं खोबरं आणायचा.
घरी सांगू नकोस हं, म्हणाले.
घरी कोण उरलंय ते मी विचारलं नाही.

मग मिसळ.
तिखट, मध्यम की साधी? पोऱ्याने विचारलं.
मी काय परदेशी दिसतो का रे?
तिसऱ्या घासाला पाव तर्रीत तसाच राहिला,
चष्मा काढून टेबलावर ठेवला.
पाणी तिखटाचं आहे, म्हणाले,
लिही तुझ्या वहीत.
लिहिलं.

तलावाला आता कठडा, कारंजं,
पायडल मारायचे पांढरे हंस.
त्यांनी पायऱ्या शोधल्या थोडा वेळ,
मग एका हंसाकडे बघत म्हणाले,
हे लोक कुठे जातात एवढे पाय मारून?

सिनेगॉगात रिवकाबाई झिराडकर
मलिद्याचे पोहे भिजवून बसल्या होत्या,
कुणाच्या तरी नातवाचा नवस.
ओलं खोबरं, साखर, वेलची,
वर गुलाबाच्या दोन पाकळ्या.
ताटली हातात घेऊन काका सरळ गेले
भिंतीकडच्या तिसऱ्या बाकाशी,
खाली वाकले, चाचपू लागले.
बाकाच्या पोटाला दोन खाचा,
पटाशीने पाडलेल्या, कुणाला न दिसतील अशा.
त्यांनी अंगठा एका खाचेत ठेवला,
करंगळी ताणली.
एक बोट कमी पडलं.

मी टेप पुढे केली. नको, म्हणाले.
बाबा टेप वापरत नसत.
तुझा हात दे.
माझा तर दोन बोटं कमी.
मग आम्ही तसेच, बाकाखाली हात घालून,
दोघांचीही वीत पुरत नाही म्हणून
बराच वेळ बसून राहिलो.
रिवकाबाई म्हणाल्या, अरे, पोहे सुकतील.

आराखडा वेळेत दिला.
बुरुज अंदाजे, भिंत एक मांजर
(ते मी खोडलं, पण नीट नाही).
शेवटच्या पानावर साखरेचा चिकट डाग
आणि त्याच्याखाली:
बाक, सागवानी. खाचांमधलं अंतर, एक वीत.

सरांनी लाल पेनाने गोल केला,
बाजूला विचारलं, कोणाची?

मी खाली लिहून परत दिलं:
बिन्यामीन अबाजी नवगावकर यांची.
सुतार, राहणार ठाणं.