बर्फाची वही

रविवारी रात्री नऊला फोन लावते.
नेटवर्कसाठी हयातसिंग छपरावर चढलेला असतो.
आधी त्याचे दात वाजलेले ऐकू येतात, मग नमस्ते.
मी विचारते, वाट कशी आहे?

डिसेंबर. पहिल्या नाल्यापर्यंत उघडी.
पाण्यावर सकाळी काच धरते, उन्हं आली की सुटते.
मेंढ्या खाली उतरल्या. कुत्राही.

मी लिहून घेते.
रक्तपेढीत दिवसातून दोनदा
फ्रिजचं तापमान टिपायची सवय, सव्वीस वर्षांची.
दोन ते सहाच्या मधे काटा राहिला की सही.
त्याच वहीच्या मागच्या पानांवर त्याचा डोंगर.

माझ्याकडे बर्फाला शब्द एकच.
गोळ्यासाठी किसतात तो, सुजेवर धरतात तोही,
आणि आप्पाकाकांना मुलगा येईपर्यंत
ठेवलं होतं ज्याच्यावर, तोच.
हयातसिंगकडे कितीतरी :
पिठासारखा, बुटाला न चिकटणारा.
साखरेसारखा, त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही.
वरून पापड, आत पोकळ.
आणि एक निळा, जुना, त्याच्या आजोबांच्याही आधीचा,
कुऱ्हाड मारली की पितळेच्या भांड्यासारखा वाजतो.

शनिवारी पहाटे पावागढ,
पाठीवर दहा किलो तूरडाळ.
पायऱ्यांवर बायका विचारतात, बेन, मानता राखी छे?
हो म्हणते. समजावत बसण्यापेक्षा सोपं.
आठवडाभर घरी तीच डाळ शिजते.

मग फतेपुऱ्यात जशुभाईंचा कारखाना.
रात्रपाळी सुटताना एक लादी माझ्यासाठी उभी करून ठेवतात.
मी बुटांना काटे बांधते,
पुढचे दोन दात आत, टाच खाली, टाच खाली.
भुशावर बसून पोरं बघतात.
अडीच फूट झालं, बेन, जशुभाई म्हणतात,
बाकीचं क्यारे?

जानेवारी. पडला नाही.
दुसरा रविवार. पडला नाही.
तिसऱ्या रविवारी त्याने फोन हवेत धरला,
ऐका म्हणाला.
मला काहीच ऐकू आलं नाही.
तेच, म्हणाला.

फेब्रुवारीत एकदा, वीतभर, दोन दिवस टिकला.
मार्चमधे मी माळ्यावरून कूलर काढला,
तिकडे बुरांस महिनाभर आधीच फुलून गेलेला.
कड्याखालची घळ, जी दरवर्षी भरते,
जिच्यावरून लोक जिना चढावा तसे जातात,
ती यंदा उघडी. दगड सुटतायत.
पूर्वी दुपारचे सुटायचे, आता रात्रीही.
बर्फ धरून ठेवतो त्यांना, दीदी,
जत्रेत आई पोरांना धरते तसा.

एप्रिलच्या शेवटी मी विचारायच्या आत म्हणाला,
या वर्षी नका येऊ.
त्याची महिन्याभराची मजुरी बुडत होती,
हे तो बोलला नाही. मी वहीत लिहिलं.
पुढच्या वर्षी? मी म्हटलं.
गुडघे कसे आहेत?
एकोणपन्नास, मी म्हटलं.

तिकीट रद्द केलं.
शनिवारी तरी लादीवर गेलेच.
पाय ऐकत नव्हते.

त्याच दिवशी, बेचाळीस डिग्रीत,
फ्रिजचा कॉम्प्रेसर बसला. काटा सातवर.
मी जशुभाईंना फोन केला.
गोणपाटात गुंडाळून हातगाडीवर चार लाद्या आल्या.
एकीला माझ्या काट्यांची भोकं.
फोडली, पेट्यांत भरली,
रक्ताला बर्फ थेट लागू नये म्हणून
मधे वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या.
काटा पाच. सही.

बाहेर आले तर रस्त्यावर ओली रेघ,
गाडी आली त्या वळणावळणाने,
एका ठिकाणी थोडी रुंद,
तिथे तो पाणी प्यायला थांबला असणार.
तिच्या कडेने मी चालत गेले
जिथे ती आधीच वाळली होती तिथपर्यंत.

रविवारी नऊला फोन त्याचाच आला.
वाट कशी आहे, दीदी?
ओली होती, मी म्हटलं,
साडेचारपर्यंत.