तोटी

अकरा मिनिटं चाळीस सेकंद.
मोबाइल अजून माझ्याजवळ आहे, काच तडकलेली,
त्यात सगळं आहे:
धामणखेड नगरपंचायतीसमोरचा कडुनिंब,
एप्रिलचं ऊन, सतरंजीवर मांडलेल्या रिकाम्या गुंड्या,
आणि मधोमध उभी हुरमतबी, मनेरीण,
जिनं माझ्या तिन्ही बहिणींच्या हातात चुडा भरला
आणि एकदाही काच टोचू दिली नाही.

परवानगीचा कागद होता. त्यावर शिक्का होता.
अकरा ते एक.
पावणेएकला त्यांनी सतरंजी झटकलीसुद्धा.

ती बोलत होती:
"सतरा दिस झाले, आमच्या मोहल्ल्यात नळ नाई आला.
टॅक्स भरतो का नाई आमी? पावती हाय माह्याजवळ.
हे पाहा तोटी. काढूनच आणली.
घरी राहून तरी काय करते थे!"
लोक हसले. राठोड जमादारही हसला,
मग टोपी सारखी करून गंभीर झाला.
तिनं तोटी वर धरली.

मी पाठवलं. एका बातमीचे अडीचशे.
खोटं कशाला बोलू, त्यातले शंभर पेट्रोललाच जातात.

रात्री साडेआठला
अंबादासच्या टपरीवर आम्ही नऊ सेकंद पाहिले.
तिचा आवाज नव्हता. त्या जागी ढोल,
जणू कुणी गावावर चाल करून येतंय.
हसू कापलेलं.
नळ कापलेला, दुसऱ्यांदा.
उरला बुरखा, वर गेलेला हात,
हाताभोवती लाल वर्तुळ
आणि खालून धावणारी पट्टी:
हातात काय? यांच्या मागे कोण?

मागे कोण, ते मला माहीत होतं.
मागे सलामभाई पंक्चरवाले होते.
त्यांच्या मागे झाड,
झाडामागे कोरडी टाकी.
अंबादासनं चॅनल बदललं,
कुणाकडे न बघता कप विसळत राहिला.

जन्मभर मनगटं मापली तिनं,
सव्वादोन, अडीच;
हात हातात घेतला की कळायचं.
तिच्याच मनगटात त्या रात्री
कुणीतरी न मापता बांगडी चढवली.

नागरिकशास्त्रात हा हक्क मी पाठ केला होता,
पाच गुणांसाठी, उदाहरणासहित.
आणि तिला बोलू दिलंच की.
कुणी अडवलं नाही, माईक हिसकला नाही.
फक्त ऐकू दिलं नाही.
पुढच्या अर्जावर साहेबांनी लिहिलं:
वातावरण पाहता परवानगी नाही.
वातावरण माझ्या मोबाइलातूनच गेलं होतं.

चौथ्या दिवशी तिच्या घरी गेलो,
माफीचे शब्द तोंडात घोळवत.
तिनं खाट टाकली. पाणी दिलं,
अर्धाच गिलास, आणि त्याचीच लाजली.
माफी मागू दिली नाही.
"शेषरावच्या पोरा, पूरं ऐकव मले."

ऐकत राहिली स्वतःला,
मान हलवत, जसं कुणी शेजारीण बोलते आहे.
मधेच म्हणाली, थांबव.
मागे घे जरा.

"सतरा म्हणली का मी?
अठरा होते, बाप्पा. जुम्मा मोजाचा राह्यला.
लिहून घे.
चुकीचं नको जाऊ देऊ."