खालची ओळ

मिनिटाला ऐंशी रुपये ठरले होते.
पुण्याच्या दिग्दर्शकाला आमच्या बेळगावची मराठी अर्धी कळायची,
कन्नड मुळीच नाही,
म्हणून मी. माणसं बोलतात ते ऐकायचं
आणि पडद्याच्या पायथ्याशी इंग्रजीत लिहायचं.
एका ओळीत अक्षरं बेचाळीस.
त्रेचाळिसावं आलं की काहीतरी मारायचं.

जो. म्हणजे ज्योतिबा मुतगेकर.
उद्यमबागेत, दुसरी पाळी सुटल्यावर
फौंड्रीच्या शेडात गिटार वाजवायचा,
साच्याची काळी माती नखांत तशीच.
कॅसेट एकच निघाली, खपल्या चारशे,
एक माझ्याकडं आहे, मागची बाजू चिकटलेली.
एकतिसाव्या वर्षी रुळांवर गेला.

तेवढ्यावर माहितीपट होत नाही.
माहितीपटाला बायको लागते.

शैला, माहेरची हिरेमठ, बैलहोंगलची.
लग्नाला दोन्ही घरांतून कोणी आलं नाही,
सह्या केल्या ड्रमवाल्यानं
आणि कॅम्पातल्या एका लाँड्रीवाल्यानं.
दिग्दर्शकानं तिला खिडकीपाशी बसवलं,
अर्धा चेहरा काळोखात राहील असं.
विचारलं, त्या रात्री काय झालं?

ती बराच वेळ कॅमेऱ्याच्या वर कुठंतरी बघत राहिली.
मग म्हणाली,
“मीच सोडलो त्याला.”

(आमच्याकडं बाईसुद्धा ‘सोडलो’च म्हणते.
क्रियापदाला त्याचं काही वाटत नाही.)

शॉट तिथंच तुटत होता.
मी इंग्रजीत लिहिलं, मी त्याला टाकलं.
अक्षरं सहज बसली. वर जागाही उरली.

पुढचं गावाला माहीत आहे.
थिएटरची काच फुटली, खेळ बंद झाला,
नवऱ्याला खाल्ली, असं खडूनं
तिच्या दुकानाच्या फळीवर कुणीतरी लिहून गेलं,
मराठीत. खाली कन्नडात.
एका पाटीवरून साठ वर्षं भांडणारी माणसं
पहिल्यांदाच एका बाजूला उभी राहिली,
तिच्या विरुद्ध.

आणि मी याच गावात वाढलेला.
आठ दिवसांनी महापालिका पाणी सोडते
तेव्हा गल्लीभर ओरडत जाणारा.
पोरगीला शाळेत सोडतो, पाव्हण्याला स्टँडवर सोडतो,
म्हशी सोडतात, उपास सोडतात,
काडीमोड तर वर्षाकाठी एखादा.
मला हे सगळं ठाऊक होतं.
मिनिटाला ऐंशी रुपये होते.

शहापुरात तिचं फॉल-पिकोचं दुकान.
बायकोची साडी घेऊन गेलो, काहीतरी हातात असावं म्हणून.
तिनं फॉलचा रंग जुळवून बघितला,
दोऱ्याचं रीळ बदललं,
मान वर न करता विचारलं,
“खाली ते तूच लिहिलास न्हवं?”

मी म्हणालो, कन्नडात कसं म्हणाला असता?

“ना बिट्ट बंदे.”
सुई थांबली.
“लुनावरनं सोडलो, तिसऱ्या गेटला. गेट पडलेलं.
तालमीला उशीर झालाय म्हणून
गिटार पाठीला लावून खालनं वाकून गेला.
मी वळवलो गाडी.
बिट्ट बंदे म्हणजे सोडून आलो.
मराठीत ‘आलो’ तेवढं ऱ्हायलं बघ माझं.
म्हणवलं न्हाई.”

तिसऱ्या गेटवर आता पूल आहे.
रेल्वे खालून जाते, कुणी थांबत नाही.

मी दिग्दर्शकाला फोन लावतो म्हणालो,
नवी प्रत काढू, ओळ बदलू,
बेचाळिसात बसवतो कसंही करून.
तिनं पायाखालची पट्टी पुन्हा दाबली.
मशीनच्या आवाजात म्हणाली,
“सोड की आता.”

हे कुठल्या अर्थानं म्हणाली
ते विचारायचं राहून गेलं.
फॉलचे पैसे तिनं घेतले, मोजून,
सुट्टे नव्हते तर शेजारून आणून दिले.