हवा धरली

सेल्फ मारला की धरतो, पाचसहा फेरे भुंकतो,
पांढरा धूर सोडतो आणि बसतो.
पुन्हा मारा. पुन्हा तेच.
नवव्या वेळी बॅटरीनंच नाही म्हटलं,
मग बोरस्तेंच्या पिकअपची मागून आणली.

दगू खाटेवर.
गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अठरा दिवस झालेत.
डॉक्टरनं पाय सरळ ठेवायला सांगितलाय,
तोंडाबद्दल काही सांगितलेलं नाही,
तरी सकाळपासून गप्प आहे.
ओझरच्या कारखान्यात मी बत्तीस वर्षं विमानं जोडली
हे त्याला ठाऊक आहे. म्हणूनच गप्प आहे.

तिथं प्रत्येक पान्याची जागा ठरलेली,
फळीवर पान्याच्याच आकाराचा लाल रंग.
सुटीच्या वेळी एक जरी लाल मोकळा दिसला
तर विमान हलायचं नाही,
आम्हीही हलायचो नाही घरी.

इथं हत्यारं युरियाच्या गोणीत,
चौदाच्या पान्यात पत्र्याची चकती घातली की तो तेराचा होतो.
आणि हा. ब्याण्णव साली सुकेण्याच्या मळ्यात आला
तेव्हा लाल होता, फोटो आहे.
मी नोकरीत, म्हणजे हा दगूच्या हाताखालचा.
बॉनेट उचललं की दगूचं अक्षर लागतं वाचायला:
थ्रॉटलच्या जागी मांडवाची तार,
सायलेन्सरला खोबरेलाच्या डब्याची पट्टी,
नळीवर सायकलची ट्यूब, तीन वेढे, वर गाठ.
कुठं सही नाही, तारीख नाही.
पण तार जुना थॉमसन उपटला त्या वर्षीची,
आणि ट्यूब मधुराच्या शाळेच्या सायकलची,
म्हणजे पोरगी तेव्हा आठवीत.

फिल्टर उघडला. तळाशी गाळ, बोटभर. धुतला.
स्क्रू सैल करून हातपंप दाबत बसलो,
आधी फेस, मग बुडबुडे,
मग नितळ, सलग डिझेल. आवळला.
सेल्फ.
चालला. बोरस्तेंचा पोरगा टाळ्या वाजवायला लागला.
चार मिनिटं चालला.

तेवढ्यात डोक्यावरून आमच्यातलं एक गेलं, चाचणीचं असणार.
आधी ते जातं, मागून आवाज येतो,
पत्र्यावरची कबुतरं उडतात, परत बसतात.
दगूनं मान वर केली नाही.
म्हणाला, "त्याला हवा लागते. ह्याला चालत नाही."
थोड्या वेळानं,
"काढत काय बसलास नाना? घेतोय कुठून ते बघ."

टाकीपासून हात फिरवत निघालो,
नळी, जोड, पुन्हा नळी.
फीडपंपाच्या बोल्टखाली तांब्याचा वायसर,
आवळून आवळून दगड झालेला.
डिझेल बाहेर सोडत नव्हता, हवा तेवढी आत घेत होता.
"पिंपळगावला जाऊन नवा आणतो."
"भाज त्यालाच."

वहिनीनं भाकरी उतरवली,
सांडशीत वायसर धरून निळ्या ज्योतीवर ठेवला,
बांगडी धरावी तसा.
लाल झाला. पाण्याच्या वाटीत टाकला.
चुर्र.
लोखंड असं केलं तर कडक होतं, तांबं मऊ पडतं.
शिकाऊ होतो तेव्हा पहिल्या महिन्यात शिकवलेलं
मी विसरलो होतो.
दगूला कुणी शिकवलं, विचारायचं राहिलं.

बसवला. हवा काढली. सेल्फ.
धूर पांढरा, मग करडा, मग दिसेनासा.
चार मिनिटं. दहा. बोरस्तेंचा पोरगा कंटाळून घरी गेला.
दगू डोळे मिटून ऐकत होता,
"तिसरा मागं पडतोय," म्हणाला,
"पडू दे, तो पहिल्यापासून तसाच."
"बंद करू?"
"राहू दे जरा."

दिवे लागेपर्यंत राहू दिला.
मग गोणीत पाने टाकताना सवयीनं मोजले. अकरा.
सकाळी किती होते रे, विचारलं तर म्हणतो,
कोण मोजतं.